पुरातून वाचलेल्या डिस्क कंप्यूटरवर वाचता येतील का?

वाशिष्ठीकाठ · शनिवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते आहे, कारण अर्धवट माहितीवर कुणी काय सांगणार.

आमचं घर चिपळूणला. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा खालच्या मजल्यावरचं जवळजवळ सगळं गेलं. कपाटाच्या तळाच्या कप्प्यात सीडी-डीव्हीडींचा एक डबा होता. आईने तो चिखलातून काढला, डिस्क नळाखाली धरल्या, वाळवल्या आणि परत भरून माळ्यावर टाकल्या. या दिवाळीत आवराआवर करताना डबा हाती आला. मी तो पुण्याला घेऊन आले आहे.

एकूण ३१ डिस्क आहेत. बऱ्याचशा विकतच्या नाटकांच्या आणि सिनेमांच्या व्हीसीडी, पाच-सहा ओरिजिनल डीव्हीडी, ताईच्या लग्नाच्या दोन डीव्हीडी (२००७, फोटोवाल्याने करून दिलेल्या) आणि मावसभावाच्या हँडीकॅमच्या तीन छोट्या, तळहातावर मावणाऱ्या. माझा जीव अडकलाय तो लग्नाच्या शूटिंगमध्ये. घाणा भरताना आजीने ओव्या म्हटल्या होत्या. आजी २०१० ला गेली. तिचा आवाज आमच्याकडे दुसरा कुठेच नाही.

माझ्याकडे डेस्कटॉपचा आतला डीव्हीडी रायटर आहे आणि एक यूएसबीवर चालणारा बाहेरचा ड्राइव्ह. विंडोज १०. आज दिवसभर बसून काय काय झालं ते सांगते.

व्हीसीडी दिसते, फाइलही दिसते, पण कॉपी करायला घेतली की मध्येच थांबते आणि 'सायक्लिक रिडंडन्सी चेक' असा एरर येतो. ओरिजिनल डीव्हीडीचं फोल्डर उघडतं, पण सिनेमा लागत नाही. लग्नाची डीव्हीडी घातली की ड्राइव्ह घुर्रघुर्र करतो, थांबतो, परत घुर्रघुर्र, आणि शेवटी 'डिस्क घाला' म्हणतो. छोट्या तीनही डिस्क तर चक्क कोऱ्या दाखवतोय.

दुकानात विचारलं तर म्हणाले, पुराचं पाणी लागलंय ना, फेकून द्या. टाकायची माझी तयारी नाही. कुठून सुरुवात करू?

---

सोल्डरगन · शनिवार, रात्री ११:२०

ताई, फेकू नका. मी सांगलीचा. डीव्हीडी प्लेयर दुरुस्त करण्यात दहा वर्षं गेली माझी, आणि २०१९ च्या पुरानंतर अशा डिस्क लोकांनी पोत्यात भरून आणल्या होत्या. सगळ्या गेल्या नव्हत्या.

तुमच्या चार तक्रारी चार वेगवेगळ्या रोगांच्या वाटतात मला. सगळ्यांना एक औषध लावत बसलात तर काहीच हाती लागणार नाही.

आधी एक करा. चिखल लागलेली डिस्क ड्राइव्हमध्ये घालणं आत्ताच्या आत्ता थांबवा. सुकलेला गाळ म्हणजे बारीक वाळूच. डिस्क आत हजारो फेऱ्यांनी फिरते, तो गाळ उडून लेन्सवर बसतो आणि मग चांगली डिस्कही वाचत नाही.

धुवायचं असं. पसरट भांड्यात कोमट पाणी, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब. डिस्क अर्धा-पाऊण तास त्यात बुडवून ठेवा, गाळ आपोआप सुटू द्या. चोळू नका. मग वाहत्या पाण्याखाली धरा आणि शेवटी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड वॉटरने विसळा, म्हणजे क्षाराचे डाग राहत नाहीत. ताटाळ्यात उभी करून सावलीत वाळवा. ऊन नको, हेअर ड्रायर नको. पुसायचीच झाली तर चष्म्याच्या कापडाने मधल्या भोकापासून सरळ कडेकडे. गोल गोल कधीच नाही. डेटा गोल ओळीत लिहिलेला असतो. आडवा ओरखडा त्या ओळीला एका ठिकाणी तोडतो, गोल ओरखडा ओळीच्या ओळ खाऊन टाकतो.

थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर यातलं काहीही जवळ आणू नका, पॉलिकार्बोनेट पांढरं पडतं.

दुसरं, ड्राइव्हची परीक्षा. घरातली चांगली, पूर न पाहिलेली एक सीडी आणि एक डीव्हीडी घ्या. दोन्ही ड्राइव्हमध्ये दोन्ही लावून बघा आणि मला सांगा. सीडी चालली म्हणजे ड्राइव्ह ठीक, असं समजू नका. सीडीला ७८० नॅनोमीटरचा लेझर लागतो, डीव्हीडीला ६५० चा. दोन्ही वेगळे. एक मेला तरी दुसरा जिवंत असतो. सीडी झकास आणि डीव्हीडी एकही नाही, असे ड्राइव्ह मी शेकड्याने पाहिलेत.

---

घरगुती_उपाय · रविवार, सकाळी ७:०५

टूथपेस्ट लावून बघा. मी पूर्वी करायचो, चालायच्या डिस्क.

---

सोल्डरगन · रविवार, सकाळी ८:३१

दादा, टूथपेस्टने फायदा होतो ते ती बारीक घासते म्हणून. खालच्या प्लास्टिकवरचा उथळ ओरखडा घासून गुळगुळीत होतो, एवढंच. इथे ओरखडा हा मुख्य प्रश्न दिसत नाही. आणि ज्या डिस्कमध्ये आजीचा आवाज आहे ती घासायला सांगायची माझी हिंमत नाही. जेवढं वाचता येतंय तेवढं आधी काढून घेऊ, घासणं सगळ्यात शेवटी.

ताई, आणखी एक लक्षात ठेवा. लोक खालची चकचकीत बाजू जपतात आणि छापील बाजूवर डिस्क घासत ठेवतात. सीडी-व्हीसीडीचा जीव वरच्या बाजूला असतो. जाडी १.२ मिलिमीटर, त्यातलं जवळजवळ सगळं प्लास्टिक खाली, आणि डेटाचा चंदेरी थर वर, लेबलच्या रंगाखाली केवळ लॅकरच्या एका पातळ लेपात. तो लेप सोलला की डेटाही त्याच्याबरोबर जातो. डीव्हीडीत ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात आणि डेटा मध्ये. म्हणून ती वरून सुरक्षित, पण पाणी कडेने आत शिरू शकतं.

ट्यूबलाइटसमोर धरून बघा. व्हीसीडीत टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर तिथला थर गेलेला आहे. डीव्हीडीच्या कडेला तेलाच्या तवंगासारखे रंग दिसले तर चकत्या सुटायला लागल्यात.

---

पडद्यामागे · रविवार, सकाळी ११:१५

व्हीसीडीबद्दल मी सांगते. नाटकांच्या दीडशेच्या वर व्हीसीडी आहेत माझ्याकडे, आणि हा एरर मी वर्षानुवर्षं पाहिलाय.

मोझर बेअरने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी आणली तेव्हा घराघरांत ढीग लागले. आता त्यातली कित्येक नाटकं दुसऱ्या कुठल्याच रूपात मिळत नाहीत. तेव्हा 'विकतच्या आहेत, जाऊ देत' असं म्हणू नका. त्याही वाचवा.

आता कारण. साध्या डेटा सीडीवर एका सेक्टरच्या (डेटाच्या एका तुकड्याच्या) २३५२ बाइट्सपैकी २०४८ आपल्या कामाचे असतात आणि उरलेल्यांतला बराच भाग चूक दुरुस्त करायला राखलेला असतो. व्हीसीडी बनवणाऱ्यांनी ७४ मिनिटं बसवायला व्हिडिओच्या सेक्टरमध्ये २३२४ बाइट्स चित्राला दिले. म्हणजे दुरुस्तीचा तो जादा थर तिथे नाहीच. प्लेयरला त्याचं काही वाटत नाही, एखादा सेक्टर गेला तर चित्रात चौकोन उमटतात आणि तो पुढे जातो. विंडोजची कॉपी मात्र पहिल्या खराब सेक्टरपाशी हात टेकते.

म्हणून 'एमपीईजीएव्ही' फोल्डरमधली ती डॅट फाइल कॉपी-पेस्ट करू नका. व्हीएलसी या प्लेयरमध्ये 'ओपन डिस्क'मध्ये जाऊन व्हीसीडी निवडा आणि आधी नुसती चालवून बघा. चालली तर तिथलाच 'कन्व्हर्ट' वापरून फाइल बनवा. नाहीतर आयसोबस्टर या डिस्कमधला डेटा काढणाऱ्या सॉफ्टवेअरने व्हिडिओ ट्रॅक थेट काढा, तो खराब सेक्टरची जागा भरून पुढे जाऊ देतो. लिनक्सवाल्यांसाठी व्हीसीडीएक्सरिप आहे.

दोन अंकी नाटक असेल तर दोन्ही डिस्क एकाच दिवशी काढा. माझ्या एका नाटकाचा दुसरा अंक कायमचा राहून गेलाय, त्याची रुखरुख अजून आहे.

---

पेंग्विनप्रेमी · रविवार, दुपारी १२:४०

ओरिजिनल डीव्हीडीचं मी बघतो. फोल्डर उघडतंय म्हणजे ड्राइव्ह डिस्क वाचतोय. मग सिनेमा न लागण्याची दोन कारणं नेहमीची.

पहिलं, विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टने डीव्हीडी चालवायची सोय मूळ विंडोजमधून काढली. विंडोज १० मधला फिल्म्स अँड टीव्ही डीव्हीडी लावत नाही. व्हीएलसी घाला, फुकट आहे.

दुसरं, बहुतेक विकतच्या डीव्हीडी सीएसएस पद्धतीने कूटबद्ध असतात. ड्राइव्ह आणि प्लेयर यांची आपसात ओळख पटल्याशिवाय ड्राइव्ह ते सेक्टर देतच नाही, वाचायला गेलं की 'रीड एरर' म्हणतो. लोकांना वाटतं डिस्क खराब झाली. डिस्क ठणठणीत असते, फक्त कुलूपबंद. उबुंटूवर (लिनक्सचा एक प्रकार) नव्यानेच आलेल्यांना हा अनुभव हमखास येतो. तिथे लिबडीव्हीडी-पीकेजी हे पॅकेज टाकून ते एकदा कॉन्फिगर केलं की व्हीएलसीत सिनेमा लागतो.

लग्नाच्या डीव्हीडीला असलं कुलूप नसतं. ती वाचत नसेल तर दुखणं खरंखुरं आहे.

---

एडिसनकर · रविवार, संध्याकाळी ६:२२ (भारतातली वेळ)

रीजनचाही उल्लेख करतो, म्हणजे डीव्हीडी जगाच्या कुठल्या भागात चालेल ते ठरवणारा क्रमांक. आम्ही न्यू जर्सीहून ठाण्याला आईबाबांना इंग्रजी सिनेमांच्या डीव्हीडी पाठवल्या. त्या रीजन १ च्या, भारत रीजन ५. बाबांच्या लॅपटॉपने विचारलं रीजन बदलू का, त्यांनी हो म्हटलं. मग भारतातली डिस्क लावली, परत विचारलं, परत हो. असं पाच वेळाच करता येतं. पाचव्यांदा जे ठेवाल ते कायमचं. आणि तो आकडा ड्राइव्हच्या आत साठवलेला असतो, विंडोज नव्याने घातलं तरी पुसला जात नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डीव्हीडी ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये किती बदल उरलेत ते दिसतं. शेवटी मी त्यांना बाहेरून जोडायचा एक स्वस्त ड्राइव्ह घेऊन दिला आणि तो कायम रीजन १ वर ठेवला.

मराठी डिस्क बहुतेक सगळ्या रीजनना चालणाऱ्या असतात, इथे कधी अडचण आली नाही.

---

अकोल्याचा_मी · रविवार, रात्री ९:०२

मध्येच विचारतो, माफ करा. माझ्या एक्सपीवाल्या जुन्या मशीनवर सगळ्या डीव्हीडी अडखळत चालतात. डिस्क स्वच्छ आहेत, दुसरीकडे नीट चालतात.

---

सोल्डरगन · रविवार, रात्री ९:१८

डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या आयडीई चॅनेलवर 'पीआयओ मोड' दिसतोय का बघा. वाचताना सहा चुका जमल्या की एक्सपी ड्राइव्हला डीएमए या वेगवान पद्धतीवरून पीआयओ या मंद पद्धतीवर उतरवतं आणि मग आपणहून वर आणत नाही. तो चॅनेल अनइन्स्टॉल करून मशीन रीस्टार्ट करा, परत डीएमए येईल. आणि केबल बदला, चुका बहुधा तिथूनच येतात.

---

वाशिष्ठीकाठ · मंगळवार, रात्री १०:१०

सगळ्यांचे खूप आभार. दोन दिवस स्वयंपाकघराचा ओटा डिस्कनी भरला होता. धुतल्यावर भांड्याच्या तळाशी जो लाल गाळ बसला तो बघून पोटात कालवलं, इतकी वर्षं तो घेऊन बसल्या होत्या.

आतल्या ड्राइव्हवर चांगली सीडी आणि डीव्हीडी दोन्ही चालल्या. बाहेरच्यावर सीडी चालते, डीव्हीडी लावली की टिकटिक करून बंद पडतो.

सिनेमांच्या डीव्हीडी व्हीएलसीत लागल्या, एक सोडून सगळ्या. पडद्यामागेताई, १४ व्हीसीडी तुम्ही सांगितल्या तशा काढल्या. दोघींच्या चंदेरी थराला खपल्या धरल्यात, त्या बाजूला ठेवल्या.

लग्नाची पहिली डीव्हीडी आता दिसते! पण व्हीएलसीत दहा मिनिटांनी अडकते. तिच्यावर फोटोवाल्याने ताईच्या फोटोचं कागदी लेबल चिकटवलंय, ते पाण्याने सुरकुतलंय. काढू का?

---

सोल्डरगन · मंगळवार, रात्री १०:३४

लेबल अजिबात सोलू नका! ओढताना चकत्या सुटतात. सुरकुतीमुळे डिस्कचा तोल जातो, जोरात फिरली की थरथरते आणि लेझरला ओळ सापडत नाही. म्हणून हळू फिरवायची. नीरोच्या ड्राइव्हस्पीडसारखं साधन असेल तर ४ एक्सवर आणा.

बाहेरच्या ड्राइव्हला वीज कमी पडत असणार. यूएसबी २ च्या पोर्टमधून ५०० मिलिअँपिअरच मिळतात आणि डीव्हीडी फिरवताना त्याहून जास्त लागू शकते. हब काढा, पुढच्या पोर्टऐवजी कॅबिनेटच्या मागचं पोर्ट वापरा. दोन पिनांची केबल आली असेल तर दोन्ही लावा.

---

पेंग्विनप्रेमी · मंगळवार, रात्री ११:५५

आता ती डीव्हीडी व्हीएलसीत परत परत लावू नका. जी डिस्क मरणाला टेकलीये तिची प्रत्येक फेरी मोलाची. एकदाच नीट इमेज, म्हणजे डिस्कची हुबेहूब प्रत, काढायची आणि मग सगळे प्रयोग त्या इमेजवर.

यासाठी जीएनयू डीडीरेस्क्यूइतकं चांगलं साधन माझ्या पाहण्यात नाही. पेनड्राइव्हवर उबुंटू टाका, मशीन त्यावरून सुरू करा, हार्डडिस्कला हात लागत नाही. ब्लॉकचा आकार २०४८ ठेवा. पहिल्या फेरीत ते सोपं सोपं भरभर उचलतं, अडलं की तिथे न रेंगाळता पुढे उडी मारतं, आणि कुठे काय राहिलं ते एका मॅप फाइलमध्ये लिहून ठेवतं. दुसऱ्या फेरीत फक्त राहिलेल्या जागांवर परत जातं.

खरी ताकद त्या मॅप फाइलमध्येच आहे. तीच फाइल घेऊन दुसऱ्या कंप्यूटरवर, दुसऱ्या ड्राइव्हमध्ये तीच डिस्क घाला. जे राहिलंय तेवढंच तो नवा ड्राइव्ह वाचायला जातो. प्रत्येक ड्राइव्हची नजर वेगळी असते, एकाला न दिसलेला सेक्टर दुसऱ्याला दिसतो. नातेवाइकांचे जुने लॅपटॉप गोळा करा. २०१० च्या आसपासच्या बहुतेक लॅपटॉपना ड्राइव्ह असतो.

---

वाशिष्ठीकाठ · शनिवार, रात्री ८:४७

पेंग्विनदादा, झालं! आतल्या ड्राइव्हवर रात्रभर चालवलं. ४.२ जीबीपैकी ३१० एमबी राहिले. मग भावाच्या जुन्या लॅपटॉपवर तीच मॅप फाइल लावली, आणि राहिले फक्त ४६ एमबी. तेही सगळे डिस्कच्या बाहेरच्या कडेला, म्हणजे रिसेप्शनच्या शेवटी आहेत. बाकी लग्न सगळं दिसतं. सीमांतपूजन, मंगलाष्टका, बाबा.

पण घाण्याचा भाग लागला आणि मी बघतच राहिले. आजी मुसळ धरून बसलीये, ओठ हलताहेत, आणि फोटोवाल्याने मागे सिनेमाचं गाणं टाकलंय. मूळ आवाज पूर्ण काढून टाकलेला. दुसऱ्या डीव्हीडीत घाणा नाहीच. आवाज आता फक्त मावसभावाच्या छोट्या डिस्कवर असू शकतो. आणि त्या कोऱ्या दाखवतोय.

विंडोज विचारतं, ही डिस्क कशी वापरायची आहे, यूएसबीसारखी की प्लेयरसाठी. काय निवडू?

---

सोल्डरगन · शनिवार, रात्री ८:५३

काहीही निवडू नका. कॅन्सल. डिस्क बाहेर काढा. यूएसबीसारखी निवडलं तर तो तिच्यावर लिहायला लागेल.

डिस्क कोरी नाही, ताई. तिच्या खालच्या बाजूला बघा. जांभळट रंगात आतल्या बाजूला एक गडद पट्टा दिसतो का? जिथे जळलंय तिथे रंग बदलतो. पट्टा असेल तर तिथे रेकॉर्डिंग आहे.

---

वाशिष्ठीकाठ · शनिवार, रात्री ८:५९

दिसतोय. तिन्हींवर दिसतोय.

---

सोल्डरगन · शनिवार, रात्री ९:२५

मग 'फायनलाइझ' करायची राहिली आहे. हँडीकॅमच्या या ८ सेंटिमीटरच्या डिस्कवर १.४ जीबी मावतं, साध्या दर्जावर साधारण अर्धा तास. शूटिंग संपल्यावर कॅमेऱ्यातच फायनलाइझचं बटण दाबायचं असतं. तेव्हा कॅमेरा डिस्कच्या सुरुवातीला अनुक्रमणिका लिहितो. लग्नाच्या गडबडीत ते कुणीच करायचं नाही. अनुक्रमणिका नाही म्हणून कंप्यूटरला पुस्तक कोरं वाटतं, पानं लिहिलेलीच आहेत.

वाटा दोन. एक, त्याच कॅमेऱ्यात घालून फायनलाइझ करायची. दोन, न लिहिता आयसोबस्टरने पानं थेट चाळायची. मी दुसरी आधी करीन, कारण पुरात भिजलेल्या डिस्कवर नवीन लिहिणं धोक्याचं. फक्त ड्राइव्ह रायटर हवा, नुसता वाचणारा ड्राइव्ह अशी डिस्क ओळखतच नाही. तुमचा आतला ड्राइव्ह रायटर आहेच.

ट्रेच्या मधल्या लहान खोबणीत बसवा. आणि ज्या लॅपटॉपला ट्रे नसतो, नुसती फट असते, त्यात ही छोटी डिस्क चुकूनही घालू नका. आत अडकेल.

---

पेंग्विनप्रेमी · शनिवार, रात्री ९:४०

सहमत. डीडीरेस्क्यू इथे उपयोगाचं नाही, अशा डिस्कची लांबीच ड्राइव्ह शून्य सांगतो. आयसोबस्टर फुकट आवृत्तीत काय काय सापडलं ते दाखवतो, काढून घ्यायला पैसे भरावे लागू शकतात. आधी यादी दिसते का बघा, मगच भरा. बाकीचे रायटरही करून बघा.

---

एडिसनकर · रविवार, पहाटे ४:१२ (भारतातली वेळ)

मावसभावाकडे कॅमेरा आहे का अजून? आयसोबस्टरला जमलं नाही तर लागेल. बॅटरी मेली असेल तरी चार्जर लावून थेट विजेवर चालतो.

---

वाशिष्ठीकाठ · बुधवार, रात्री ११:३६

कॅमेरा डोंबिवलीला आहे, मावशीने चार्जरसकट जपून ठेवलाय. पण तो लागला नाही.

आतल्या रायटरला पहिली छोटी डिस्क दिसलीच नाही. भावाच्या लॅपटॉपवर आयसोबस्टर टाकलं, तिथे पाच-सात मिनिटं शोधत राहिलं आणि व्हिडिओच्या अकरा तुकड्यांची यादी आली. पैसे भरले. दुसऱ्या डिस्कमध्ये नऊ तुकडे मिळाले, त्यातले दोन चालत नाहीत. तिसरीच्या कडेला सोल्डरगनदादा म्हणाले तसे तवंगासारखे रंग आहेत, तिच्यातून काहीच आलं नाही. ती मी वेगळ्या पाकिटात उभी ठेवली आहे, डोंबिवलीच्या कॅमेऱ्यात घालणार नाही.

जे मिळालं त्याच्या दोन प्रती केल्या, एक माझ्या हार्डडिस्कवर, एक भावाकडे. डीव्हीडीची मॅप फाइलही ठेवली आहे. अजून एखादा ड्राइव्ह मिळाला तर ते ४६ एमबी परत बघू.

पहिल्या डिस्कचा चौथा तुकडा घाण्याचा आहे. सहा मिनिटांचा. मावसभावाचा हात हलतोय, निम्मा वेळ चित्रात बायकांच्या पाठीच आहेत, मुसळाचा आवाज मोठा येतो. पण आजी स्पष्ट ऐकू येते. आईने तीनदा लावायला सांगितलं.

आत्ता ताईला फोनवर ऐकवलं. एका ओवीत आजीने तिचं नाव गुंफलंय. ताईला ते आजवर माहीतच नव्हतं, कारण त्या वेळी तिला आत न्हायला नेलं होतं.